शेततळ्यातली हाडं

मी तेव्हा संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात माणसं मोजत होते. गावातले लोक तसंच म्हणायचे, "मोजणाऱ्या बाई". आधी त्यांना वाटलं मी जमीन मोजायला आले आहे. दोन-चार जण सातबारा घेऊनही आले. मग गावातल्या आशाताईंनी, ज्यांच्या घरी मी राहत होते, सगळ्यांना समजावलं की ह्या बाई शेत मोजत नाहीत, आपलं अंग मोजतात.

माझं घर दुसरबीडचं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. जिल्हा एकच, पण आमची बोली जालन्याकडे झुकलेली आणि इथली अस्सल वऱ्हाडी. मी काही बोलले की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि त्यांनी भरभर बोलायला सुरुवात केली की मला दोनदा विचारावं लागायचं. नागपूरला विद्यापीठात मानवशास्त्र शिकत होते. हाडं आणि जिवंत माणसं, दोन्ही मोजायची असा आमचा विभाग होता. मी जिवंत माणसं निवडली होती. वय झालं की माणसाची उंची घटते. जन्मभर वाकून निंदण-खुरपण केलेल्यांची ती जास्त घटते का, हे मला पाहायचं होतं.

काम समाजमंदिरात चालायचं. पहिल्या दिवशी मी एका गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि फरशी कुठे सपाट आहे ते शोधलं. कोपऱ्यातल्या दोन फरश्या ठीक निघाल्या, तिथे खडूनं चौकोन आखला. माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सेंटीमीटरभर खचतो, म्हणून सगळ्यांना सकाळीच बोलवायचं. चप्पल काढायची, टाचा जुळवायच्या, कानाचं भोक आणि डोळ्याखालची कड एका आडव्या रेषेत येईल असं डोकं धरायचं. बायांचा बुचडा सोडवायला लावायचा, नाहीतर उंची दोन बोटं वाढते. प्रत्येक माप दोनदा घ्यायचं आणि दुसऱ्यांदा घेताना पहिला आकडा बघायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण अनोळखी बाईच्या हनुवटीला हात लावून तिचं डोकं सरळ करणं सोपं नसतं. कित्येक बाया डोळे मिटून घ्यायच्या. आशाताई शेजारी उभ्या राहायच्या, गप्पा मारायच्या, तेव्हा कुठे खांदे सैल पडायचे.

ज्यांची पाठ वाकली आहे त्यांना भिंतीला लावून काही उपयोग नसतो. त्यांना खुर्चीवर बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंत पाय मोजायचा. पाठीचा कणा दबतो, मणके झिजतात, पण पायाचं हाड तरुणपणी जेवढं होतं तेवढंच राहतं. त्यावरून पूर्वीच्या उंचीचा अंदाज काढता येतो.

हे मी एका म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगत होते. गावात सगळे त्यांना आबाजी म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. पंचाहत्तरीच्या पुढचे असतील. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, पाठीला बाक. त्यांची भाजीची दोन एकर जमीन होती आणि अजून रोज तिथे जात. पाय मोजून झाल्यावर मी हिशेब केला आणि सांगितलं की तरुणपणी तुम्ही साधारण पाच फूट सात इंच असाल. ते खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं की नुसत्या हाडावरून माणसाची उंची कळते का. मी हो म्हटलं. माणूस मेलेला असला तरी? मी म्हटलं, हो, उलट हाड थेट हातात असलं तर जास्त नीट कळते. त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि निघून गेले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी गावाच्या वरच्या अंगाला एका शेतात शेततळं खोदताना जेसीबीच्या पंज्यात हाडं आली. चालकानं मशीन बंद केलं आणि शेतमालकाला फोन लावला. दुपारपर्यंत सगळ्या गावाच्या मोबाइलवर फोटो फिरला होता. ठाणेदार आले, पंचनामा सुरू झाला. आशाताईंनी त्यांना सांगितलं की आमच्याकडे हाडं शिकलेली एक बाई आहे. मला बोलावणं आलं. मी विद्यापीठातल्या माझ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, कशालाही हात लावू नकोस, कोणाला लावू देऊ नकोस आणि मशीन तिथून हलवायला सांग. न्यायवैद्यकाचे डॉक्टर आणि सर पूर्वीपासून अशी कामं एकत्र करत. दोघं दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होते.

त्या सकाळी मी समाजमंदिर उघडायला गेले तर आबाजी पायरीवर बसलेले. त्यांनी मला जे सांगितलं ते गावात सगळ्यांना माहीत होतं, मीच नवी होते. त्यांचा थोरला भाऊ चाळीसेक वर्षांपूर्वी बांबू आणायला बैलगाडी घेऊन सातपुड्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी बैल रिकामी गाडी घेऊन आपले आपण घरी आले. भाऊ आला नाही. आठ दिवस माणसं जंगलात फिरली. कोणी म्हणालं वाघानं नेलं, कोणी म्हणालं बऱ्हाणपूरला दुसरा संसार थाटला. वहिनीनं कशावरच विश्वास ठेवला नाही. तिनं कुंकू पुसलं नाही आणि त्याचं क्रियाकर्म करू दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती कुंकवासकट गेली.

"ते शेत डोंगराच्या वाटेवरचं हाय," आबाजी म्हणाले. "बैल तिकूनच आल्ते. तो माहा भाऊच असंल."

मी म्हटलं, आबाजी, अजून काहीच माहीत नाही. ते म्हणाले, मले घाई नाही.

सर आले आणि काम सुरू झालं. काळी माती उन्हात दगडासारखी होते, ओली केली तर हाडाला चिकटून बसते. लोखंडी हत्यार वापरायचं नाही म्हणून बांबूच्या चोया तासून घेतल्या, मऊ कुंचले होतेच. जेसीबीनं कवटीचे तुकडे केले होते आणि एका हाताचा पत्ता नव्हता. पण कमरेपासून खालचा भाग जागच्या जागी होता. दोरी लावून चौकोन पाडले, प्रत्येक हाड उचलण्याआधी फोटो, नकाशावर खूण, मग पिशवी आणि तिच्यावर क्रमांक. मशीननं उपसलेला ढिगाराही आम्ही चाळला. शेतमालकाच्या घरून धान्याच्या दोन चाळण्या आणल्या होत्या. त्यातून बोटांची हाडं आणि दात निघाले. कपड्याचा धागा नाही, बटण नाही, काही नाही.

आबाजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लिंबाखाली बसून होते. पोलिसांनी लोकांना लांब थांबवलं होतं, पण त्यांना कोणी उठवलं नाही. ते काही विचारत नव्हते. दुपारी आशाताई त्यांना भाकर नेऊन देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी कमरेचं हाड उचललं, माती झटकली आणि माझ्या हातात दिलं. त्या हाडाच्या मागच्या बाजूला एक खाच असते. पुरुषात ती अरुंद असते, बाईत रुंद. वर्गात आम्ही अंगठा घालून पाहायचो. अंगठा अडकला तर बहुधा पुरुष, इकडेतिकडे सैल फिरला तर बहुधा बाई. माझा अंगठा सैल फिरला. मी वर पाहिलं. सर म्हणाले, "एका खुणेवर मत द्यायचं नाही. बाकीच्या बघ." मी बाकीच्या पाहिल्या. कमरेच्या पुढच्या हाडाखालचा कोन उघडा होता. भुवईचा तुकडा सापडला होता, त्यावर उंचवटा नव्हता आणि डोळ्याच्या खोबणीची कड धारदार होती. कानामागचं हाड लहान होतं. गळ्याखालचं आडवं हाड छातीला जिथे मिळतं, तिथलं टोक अजून पूर्ण जुळलेलं नव्हतं. ते साधारण तिशीच्या आत जुळतं. अक्कलदाढा आलेल्या, पण फारशा झिजलेल्या नव्हत्या. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाचे दात चाळिशीत असे राहत नाहीत.

ती बाई होती. वीस ते तीसच्या मधली.

सरांचा एक नियम होता आणि तो मला पहिल्या वर्षापासून पाठ होता. अहवाल ठाणेदारांच्या हातात जाईपर्यंत शेतावर कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. अर्धवट ऐकलेली गोष्ट गावभर फिरते आणि मग ती परत घेता येत नाही. मला ते पटत होतं.

संध्याकाळी मी आशाताईंच्या घरी हातपाय धूत होते तेव्हा आबाजी आले. उभेच राहिले.

"त्या दिवशी तुम्ही मले घाईत मोजलं," ते म्हणाले. "आज नीट मोजा. आम्ही दोघं भाऊ बरोबरीचे व्हतो. त्याचा सदरा मले बरोबर व्हये."

मी काय करायला हवं होतं हे मला आज माहीत आहे. आबाजी, दोन दिवस थांबा, अहवाल येऊ द्या, एवढं म्हणायला हवं होतं. पण ते पाय धुऊन आले होते. खुर्चीवर बसून त्यांनी पायजमा गुडघ्याच्या वर दुमडूनही ठेवला होता. मी पेटीतून मापाची दांडी काढली, जुळवली आणि त्यांचा पाय मोजला, दोनदा. कोपरापासून मनगटापर्यंत हात मोजला, तोही दोनदा. वहीत लिहिलं. आशाताई दारात उभ्या राहून पाहत होत्या. आबाजींनी विचारलं की हे हाडाशी जुळतं का ते कधी कळेल. मी म्हटलं, सर सांगतील. ते समाधानानं गेले.

सकाळी सरांनी नोंदी तपासायला वही मागितली आणि ते पान त्यांना दिसलं. हे कोणाचं माप आणि का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"कालचं कमरेचं हाड पाहिल्यानंतर मोजलंस?"

"हो."

"मग तू त्यांना एक अख्खी रात्र आशेवर ठेवलंस. गप्प राहणं आणि हे यांत फरक आहे."

ते आवाज चढवून बोलले नाहीत. वही परत दिली आणि चौकोनात उतरले. मी दिवसभर चाळणीवर बसले. मला राग आला होता आणि तो सरांचा नव्हता. मी आबाजींवर दया केली असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्यांना नाही म्हणायला मी घाबरले होते.

त्या दिवशी सगळी हाडं निघाली. समाजमंदिरात पांढऱ्या कापडावर आम्ही ती माणूस निजतो तशी मांडली. डोक्याचे तुकडे वर, मग कणा, फासळ्या, पाय. हात एकच. मांडीचं हाड मोजायच्या फळीवर ठेवलं, गुडघ्याकडची दोन्ही टोकं फळीच्या भिंतीला टेकवली आणि लांबी घेतली. उंची पाच फुटांच्या आसपास निघाली, दीड-दोन इंच इकडेतिकडे. सर दर वेळी हे इकडेतिकडे लिहायला लावत आणि वर आणखी एक ओळ लिहायला लावत की हा हिशेब दुसऱ्या प्रदेशातल्या माणसांच्या हाडांवरून बसवलेला आहे, आपल्याकडच्या बायांना तो तंतोतंत लागू होईलच असं नाही. हाडांवर मार दिसत नव्हता, नवा किंवा जुना. किती वर्षं मातीत होती, यावर सरांनी फक्त "अलीकडची नाहीत" एवढंच लिहिलं. डॉक्टरांनी एक दाढ आणि मांडीच्या हाडाचा तुकडा तपासणीसाठी वेगळा काढला.

ठाणेदारांनी अहवाल वाचला. मी त्यांना विचारलं की आबाजींना मी सांगितलं तर चालेल का. ते म्हणाले, सांगा, तुम्ही सांगितलेलं बरं. सर म्हणाले, मी येतो बरोबर. मी त्यांना नको म्हटलं.

आबाजी त्यांच्या वावरात वांग्यांना पाणी देत होते. मी बांधावर उभी राहिले तसे ते मोटार बंद करून आले.

"आबाजी, ते तुमचे भाऊ नाहीत. ती बाई आहे."

पाटात अजून पाणी चालू होतं, ते एका वाफ्यात भरत राहिलं.

"बाई हाय?" त्यांनी विचारलं.

"हो. पंचविशीच्या आसपासची."

"पक्कं?"

"पक्कं. आणि मला हे परवा दुपारीच कळलं होतं. संध्याकाळी तुम्हाला मोजलं तेव्हा मला माहीत होतं. मी तुम्हाला मोजायला नको होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खाली बसले आणि फावड्यानं पाटाचं तोंड फिरवलं, कारण तो वाफा भरून वाहायला लागला होता. मग म्हणाले, "मी बी गुडघा वर करून बसलोच ना. तुम्ही तरी काय करान."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, त्या बाईला कोणी शोधलं नाही का. गावातून कोणी बाई हरवल्याचं त्यांना आठवत नव्हतं आणि त्यांच्या आधीच्या लोकांकडूनही त्यांनी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, पोलीस जुन्या नोंदी बघतील. ते म्हणाले, आमच्या भावासाठी आठ दिवस अख्खं गाव डोंगरात हिंडलं होतं.

सर आणि डॉक्टर गेले, हाडं त्यांच्यासोबत गेली. माझं काम राहिलं होतं ते मी पुरं केलं. आबाजी रस्त्यात भेटले की नेहमीसारखे बोलत. मी घरी दुसरबीडला जाऊन आले आणि आईला ही गोष्ट सांगितली, तेव्हा आईनं एवढंच विचारलं की त्या बाईचं पुढे काय करतील. तो प्रश्न मला अभ्यासात कधी कोणी विचारला नव्हता.

त्याचं उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. तपासणीतून इतकंच निघालं की हाडं बरीच जुनी आहेत. कोणत्याही नोंदीशी काही जुळलं नाही, कोणी हक्क सांगायला आलं नाही. प्रकरण बंद झालं आणि बेवारस म्हणून विल्हेवाट लावायचं ठरलं. मधल्या काळात आबाजी दर महिना-दीड महिन्यानं ठाण्यात जाऊन चौकशी करत होते, हे मला आशाताईंनी फोनवर सांगितलं. त्यांनी अर्जही दिला होता, आशाताईंच्या मुलीकडून लिहून घेऊन. हाडं आमच्या गावच्या मातीतली आहेत, त्यांची क्रिया मी करतो, असं त्यात होतं. ठाणेदारांनी सरपंचांना बोलावलं, कागद झाले आणि परवानगी मिळाली.

मी नागपूरहून आले. वान नदीच्या काठावर सकाळी आठ-दहा माणसं जमली होती, त्यात शेततळ्याचा मालकही होता. आशाताई आणि आणखी तीन बाया आल्या होत्या. आबाजींनी नवं पांढरं कापड आणलं होतं आणि एक हिरवं लुगडं. त्या बाईचं लग्न झालं होतं की नव्हतं कोणाला माहीत नव्हतं, म्हणून हिरवं चालेल का यावर थोडी चर्चा झाली. एक म्हातारी बाई म्हणाली, हिरवं कोणालाही चालते. गाठोड्यातली हाडं कापडावर ठेवताना आबाजी माझ्याकडे वळले आणि म्हणाले की कोणतं कुठे ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच ठेवा. मी ठेवली. ओळीनं, डोक्यापासून पायापर्यंत. जो हात नव्हता त्याची जागा मी रिकामी सोडली. बायांपैकी एकीनं तिथे नदीतली थोडी वाळू ठेवली.

सगळं झाल्यावर माणसं नदीत आंघोळीला उतरली. आबाजी काठावर बसले होते, मी शेजारी बसले. मी विचारलं की आता भावाचंही करून टाकणार का. देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात, हे मला ठाऊक होतं.

"नाही," ते म्हणाले. "हाडं सापडली असती तं वहिनीले सांगता आलं असतं, बाई, हे पाह्य. आता कोन्या तोंडानं सांगू? तिनं केलं नाही तं मी कसा करू?"

वहिनीला जाऊन तीन वर्षं झाली होती. ते तिच्याबद्दल असं बोलत होते की ती घरी चूल पेटवून बसली आहे आणि संध्याकाळी विचारणार आहे.

मग त्यांनी विचारलं. ती बाई आज असती तर त्यांच्या वयाची असती, का त्यांच्या आजीच्या? मी म्हटलं, आबाजी, ते नाही सांगता येत. ते म्हणाले, ठीक आहे. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि पाण्यात उतरले.